सुरू न झालेला संगणक आणि एक विनंती



संपादक मंडळाने या अंकासाठी ‘शाळेची वाटचाल’ या विषयावर दोन पाने लिहून मागितली होती. निकाल, क्रीडास्पर्धा आणि गणेशोत्सव यांचा वृत्तांत याच अंकात इतरत्र आहे. तेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. मी एका संगणकाविषयी लिहिणार आहे. तो बंद पडला होता असे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ते बरोबर नाही. तो बंद पडला नव्हता, सुरूच झाला नव्हता. आणि त्यावरून शाळेत जे काही घडले त्यात सर्वांत मोठी चूक माझी होती. ती सांगितल्याशिवाय कार्यकारिणीपुढे मला जी मागणी ठेवायची आहे ती ठेवता येणार नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आपल्या संगणक कक्षातले बहुतेक संच २०१३ सालचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा थांबल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्या जुन्या संचांत दोन्ही नाही. नवे संच घेणे भागच होते, आणि विश्वस्तांनी उदारपणे पैसे मंजूर केले. तयार संच आले, खोक्यातून निघाले, टेबलावर बसले, सुरू झाले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो सात नंबरच्या टेबलावरचा. निदान एक संच तरी सुटे भाग आणून मुलांनी स्वतः जोडावा, असा आमच्या संगणकाच्या सरांचा आग्रह होता. मला तो पटला. सिल्व्हर मॉलमधून मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे सामान आले. नववी ते अकरावीतली सहा मुले-मुली निवडली. आपल्याकडे कुठलीही गोष्ट शुभारंभाशिवाय सुरू होत नाही. नारळ फुटला, कॅबिनेटला हळद-कुंकू लागले, आणि सरांनी सुचवले की पहिला हात मोठ्या मॅडमचा लागावा. मी पितळेचा एक छोटा खुंट उचलला आणि कॅबिनेटच्या पत्र्यात समोर दिसले त्या भोकात पिळून बसवला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तो फोटो या अंकात छापायला गेला होता. मी तो काढून घेतला आहे. कारण पुढे येईल.

दोन दिवस मुले शाळा सुटल्यावर काम करत होती. तिसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. एक विश्वस्तही योगायोगाने शाळेत आले होते, तेही आले. बटण दाबले. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. अकरावीतल्या मुलाने मागे वाकून पाहिले तर एसएमपीएसचा मागचा खटका बंद होता. सगळे हसले. खटका टाकला, पुन्हा बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा अर्धा फेरा. जणू कोणी झोपेतून उठू पाहतो आहे आणि पुन्हा आडवा होतो आहे.

आता मी काय केले ते लिहिते. मी विचारले, “शेवटचा हात कोणाचा लागला होता?”

खोलीत शांतता झाली. नववीतल्या एका मुलीने हात वर केला. रॅम तिने बसवल्या होत्या. बसवताना जोर लावावा लागला होता, ‘कट्’ असा आवाज आला होता, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितले. खरे तर रॅम बसवताना जोर लागतोच, आणि खाच अडकल्याचा तो आवाज आला नाही तरच काळजी करायची असते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी म्हणाले, “हळू हाताने करायला काय झालं होतं?” विश्वस्तांनी बोर्डाची किंमत विचारली. साडेसहा हजार. शाळेचा जुना नियम आहे की विद्यार्थ्याच्या हातून शाळेच्या वस्तूचे नुकसान झाल्यास पालकांनी भरपाई द्यावी. कार्यालयाने नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली, मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी तिचे वडील आले. बसले नाहीत. “मॅडम, निम्मे आणलेत, उरलेले पुढच्या महिन्यात देतो. पोरीला लॅबमधून काढू नका, एवढंच,” असे म्हणून त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले. मी ते हातात घेतले नाही. पण ‘घेऊन जा’ असेही म्हणाले नाही. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात दोन दिवस होते. ते दोन दिवस मी सगळ्या फायलींवर सह्या केल्या, पाहुण्यांशी बोलले, आणि खण उघडला नाही.

बोर्ड जळला की नाही हे तोपर्यंत कोणी पाहिलेसुद्धा नव्हते, ही यातली खरी लाजेची गोष्ट आहे. नुकसान काय झाले हे ठरण्याआधी भरपाई ठरली होती.

संच दुकानात पाठवायचे ठरले. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती मुलगी आणि सर माझ्याकडे आले. मुलगी म्हणाली, “मॅडम, दुकानात न्यायच्या आधी एकदा बाहेर काढून बघू का? कॅबिनेटशिवाय?” मला प्रश्नच कळला नाही. कॅबिनेटशिवाय संगणक चालतो हे मला ठाऊक नव्हते. सरांनी समजावले. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर संगणकाला जिवंत असल्याची खूण देता आली पाहिजे. रायझनच्या या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच आहे, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्डही लागत नाही. बाकी सगळे काढून ठेवायचे. जेवढे कमी भाग, तेवढी शंकेची जागा कमी. मी हो म्हटले, आणि या वेळी तिथेच बसून राहिले.

त्या संध्याकाळी मी जे पाहिले ते मला सविस्तर सांगायचे आहे, कारण माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला तास मी क्वचित पाहिला आहे.

सरांचा एकच नियम होता: एका वेळी एकच बदल, आणि बदल करण्याआधी वहीत लिहायचे. संचाचे काहीही हलवण्याआधी वायर भिंतीतून काढायची आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. वही आता माझ्यासमोर आहे. ‘४.१०. पुढच्या बटणाची वायर तपासली. बरोबर पिनवर आहे. फरक नाही.’ ‘४.१८. प्रोसेसरची आठ पिनची वायर काढून पुन्हा घट्ट लावली. फरक नाही.’ ही आठ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते, आणि नवे लोक चोवीस पिनची मोठी वायर लावून हिला विसरतात. मग पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. ‘४.२५. एक रॅम काढली. फरक नाही.’ ‘४.३१. ती लावली, दुसरी काढली. फरक नाही.’ इथे एका मुलाने “मग दोन्ही खराब असतील” असे म्हटले, तेव्हा त्या मुलीने उत्तर दिले, “दोन्ही एकदम खराब व्हायला काय लॉटरी लागलीये?” तिच्या आवाजात पहिल्यांदा तिचा नेहमीचा सूर आला.

मग बोर्ड बाहेर काढला आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो आला होता त्याच खोक्यावर ठेवला. मोजकेच भाग लावले. बोर्डावर सुरू करण्याच्या बटणाच्या दोन पिना असतात. सरांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या क्षणभर जोडल्या. पंखा फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरे आली. बूट करण्यासाठी काही सापडत नाही, अशा अर्थाचा तो संदेश होता. मला वाटले, पुन्हा बिघाड. मुले मात्र नाचत होती. एसएसडी लावलेलीच नव्हती, तर सापडणार काय? पण ‘सापडत नाही’ असे म्हणण्यासाठी संगणकाला स्वतःची तपासणी पुरी करावी लागते. प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, बोर्ड ठीक. रॅम जोरात बसवल्याने जळलेला म्हणून ज्याच्या भरपाईचे निम्मे पैसे माझ्या खणात होते, तोच हा बोर्ड.

बाहेर चालतो आणि आत चालत नाही, म्हणजे दोष आत आहे. हे इतके सोपे वाक्य आहे की ते कोणी म्हटलेसुद्धा नाही. सगळी डोकी एकदम रिकाम्या कॅबिनेटवर वाकली. मदरबोर्ड पत्र्याला थेट टेकू नये म्हणून तो पितळेच्या खुंटांवर उभा करतात. दुकानदार त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाला जिथे भोक असते फक्त तिथेच खाली खुंट हवा. मुलीने बोर्डाची भोके मोजली: आठ. कॅबिनेटमधले खुंट मोजले: नऊ. नववा खुंट बोर्डाच्या अगदी मध्याखाली, भोक नसलेल्या जागी उभा होता. बोर्डाच्या पाठीमागे झाळकामाची उघडी टोके असतात. खुंट त्यांना टेकत होता आणि वीज भलत्याच वाटेने पत्र्यात उतरत होती. एसएमपीएसमध्ये अशा वेळी पुरवठा तोडण्याची सोय असते, म्हणून पंखा अर्धा फेरा फिरून थांबत होता, आणि म्हणूनच बोर्ड वाचला.

“हा कुणी लावला?” एका मुलाने विचारले. कोणी बोलेना. मग सरांनी, अतिशय अवघडून, मोबाइलवरचा शुभारंभाचा फोटो माझ्याकडे दिला.

खुंट काढला, बोर्ड आत बसवला, संगणक सुरू झाला. या सगळ्याला सात मिनिटे लागली. वहीत तशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “मॅडम, बोर्ड ठेवताना खुंट मोजायला पाहिजे होते. ते आम्हीपण नाही मोजले.” पाकीट मी तिच्या घरी स्वतः नेऊन दिले. वडिलांनी चहा पाजला. त्यांनी पैसे कुठून आणले होते ते मी विचारले नाही.

आता थोडे विषयाकडे. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भौतिकशास्त्राच्या पेपरात ‘लघुपथन’ किसे कहते हैं, हा प्रश्न मी कितीदा लिहिला असेल! व्याख्या आजही पाठ आहे, पूर्ण गुण मिळाले होते. पण लघुपथन म्हणजेच शॉर्ट सर्किट प्रत्यक्ष कसे वागते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, तेही स्वतःच्या हाताने केल्यावर. आमच्या पोरांच्या संगणकाच्या पुस्तकातही ‘बूटिंग म्हणजे काय’ आणि ‘कोल्ड बूटिंग व वॉर्म बूटिंग यांतील फरक लिहा’ हे प्रश्न असतात. मुले फरक लिहितात. बूट झाला नाही तर काय करायचे हा प्रश्न पुस्तकात नाही.

या शब्दाची एक गंमत सांगते. इंग्रजीत बुटाच्या मागच्या बाजूला ओढून चढवायला जो चामड्याचा पट्टा असतो त्याला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, ही अशक्य गोष्टीसाठीची त्यांची म्हण. संगणकाची अडचण नेमकी तशीच असते: कार्यक्रम स्मरणात आणायला आधी एक कार्यक्रम चालू असावा लागतो. म्हणून बोर्डावरच्या एका चिपमध्ये छोटा कार्यक्रम कायम ठेवलेला असतो. वीज आली की तो आधी प्रोसेसर, रॅम वगैरे चाचपतो, मग डिस्क शोधतो आणि मोठ्या प्रणालीला हाक मारतो. आमच्या पिढीला मात्र बूट हा शब्द वेगळ्याच कारणाने आठवतो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक योजना सुरू केली आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. पुढे जिथे जिथे संगणक आला तिथे गालिचा, वातानुकूलन आणि दाराबाहेर बुटांची रांग आली. यंत्र बूट व्हायचे आणि आम्ही बूट काढून उभे. हात लावायचा नाही, लांबून पाहायचे. देवघरातसुद्धा मुलांना फुले वाहू देतात.

ती सोवळ्याची वृत्ती अजून गेलेली नाही. दारातले बूट गेले, नुकसानभरपाईचा नियम राहिला.

माझी मागणी दोन भागांत आहे. पहिली, शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकताना झालेल्या बिघाडाला हा नियम लागू करू नये. खेळताना काच फोडली, भिंतीवर नाव कोरले, तर जरूर लावा. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर आपण कोणाच्या वडिलांना बोलावत नाही. तिथे फुटतूट हे खाते वर्षानुवर्षे चालत आले आहे, हिशेब तपासनीस त्यावर प्रश्न विचारत नाहीत. संगणक कक्षाला तसेच एक खाते द्या. वर्षाला पंधरा हजार रुपये पुरतील. दुसरी मागणी, सात नंबरचा संच कायम ‘उघडा संच’ म्हणून ठेवावा. तो मुलांनी खोलावा, जोडावा, सरांनी त्यात मुद्दाम दोष घालावा आणि मुलांनी शोधावा. रॅम अर्धवट बसवलेली, एसएसडीची वायर निघालेली, तारीख-वेळ सांभाळणारी सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली, असे.

याला विरोध आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त विद्युत मंडळातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी मला सरळ विचारले, “पालकांच्या पैशांची मोडतोड करायची, आणि उद्या एखाद्या मुलाला शॉक बसला तर?” पैशांचे उत्तर सोपे आहे: त्याच संध्याकाळी त्या वहीने शाळेचा साडेसहा हजारांचा बोर्ड वाचवला. शॉकचे उत्तर सोपे नाही. एसएमपीएसच्या आतल्या धारित्रांत वायर काढल्यावरही वीज साठून राहते. ते खोके कोणीही, सरांनीसुद्धा, उघडायचे नाही, हा नियम मी लेखी केला आहे. त्याबाहेर मात्र संगणकाच्या आत बारा व्होल्ट आणि त्याहून कमी दाबाच्या वायरी असतात. खरा धोका भिंतीत आहे. अर्थिंग नसेल तर संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी अनुभवले असेल आणि ‘जुनी इमारत आहे’ म्हणून सोडून दिले असेल. काकांनी स्वतः मीटर आणून कक्षातले सगळे सॉकेट तपासले. त्यांपैकी तिघांना अर्थिंग नव्हते. ते आता झाले आहे. नियमाच्या बाबतीत त्यांचे मत अजून बदललेले नाही, आणि बैठकीत ते विरोधात बोलणार आहेत. बोलावेच.

काही पालकांचे म्हणणे असे की हे मेकॅनिकचे काम आहे, मुलांना डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे आहे. यावर मला राग येतो तो मी इथे लिहीत नाही. एवढेच विचारते: डॉक्टर आल्या आल्या ‘शेवटचा पदार्थ कोणी खाऊ घातला’ म्हणून सासूला धरतो, की आधी नाडी बघतो?

१९४७ च्या ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या संगणकात बिघाड झाला. तो खोलीएवढा होता आणि त्यात हजारो विद्युत-खटके होते. तपासणाऱ्या लोकांना एका खटक्यात अडकलेला पतंग सापडला, म्हणजे दिव्यावर येतो तो किडा. त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ व खटक्याचा क्रमांक लिहिला. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याआधीही होती, पण किडा खरोखर सापडल्याची ही नोंद प्रसिद्ध झाली. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेले आहे. किडा आत कोणी येऊ दिला याचा खुलासा त्यात नाही. आमच्या वहीतही मुलांनी तो नववा खुंट चिकटपट्टीने लावला आहे. खाली माझे नाव लिहिले नाही. मी लिहायला सांगितले, तरी नाही.

ही बातमी पसरल्यापासून पालक मला घरच्या संगणकांच्या तक्रारी सांगू लागले आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. एका पालकांनी मुलासाठी सुटे भाग घेऊन संच जोडून घेतला. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. आमच्या अकरावीतल्या मुलाने फोनवर एकच प्रश्न विचारला, “काका, प्रोसेसरच्या नंबरामागे एफ आहे का?” होता. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची आतली सोय नसते. मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागच्या खाचेत लावून उपयोग नाही, ती वेगळ्या ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. त्यांच्याकडे कार्ड होते, फक्त वायर चुकीच्या जागी होती. आणखी एक: डीडीआर५ रॅम असलेला नवा संच पहिल्यांदा सुरू करताना कित्येक मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळात बोर्ड आणि रॅम एकमेकांशी जुळवून घेत असतात. लोक घाबरून बटण दाबतात आणि जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बटण दाबा आणि चहा टाका. चहा पिऊन होईपर्यंत काही आले नाही तर मग बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील तिथे संगणक अडला आहे. आणि सगळ्यात आधी मागचा खटका. हसू नका, आमच्याकडेही तोच निघाला होता.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे दोन्ही विषय मी घातले आहेत. ज्या विश्वस्तांना मत देण्याआधी सात नंबरचा संच पाहायचा असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी दुपारी तीननंतर यावे. त्या मुलीकडे सध्या वहीची जबाबदारी आहे. ती आपल्याला दोष शोधायला बसवील, आणि वेळही लिहून घेईल. माझा वेळ सव्वीस मिनिटे लागला, तोही रॅम नुसती अर्धी बसवलेली असताना.

पालकांना वेगळी विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना संगणक पडून असेल त्यांनी तो शाळेत पाठवावा. चालू असण्याची गरज नाही; न चालणाराच हवा आहे. त्यातली आपली कागदपत्रे, फोटो वगैरे काढून घ्यावेत, नाहीतर डिस्क घरीच ठेवावी. स्क्रू निघालेले असतील तर एका पुडीत बांधून द्यावेत. आमच्याकडे नेहमी दोन-तीन कमी पडतात. खुंट मात्र सध्या एक जास्तीचा आहे.